एस्क्रोमुळे घराचा हप्ता एकदम दीड हजार डॉलरने वाढला, हे बरोबर आहे का?

शेवंती

नमस्कार मंडळी, जरा इथे डोकं लावा, माझं बंद पडलंय.

डॅलसच्या उत्तरेला आम्ही जून २०२४ मध्ये बिल्डरकडून कोरं घर घेतलं. किंमत पाच लाख, लोन चार लाख, ७ टक्के, ३० वर्षं फिक्स्ड. हप्ता ३०८० चा, त्यात २६६० मुद्दल-व्याजाचे आणि ४२० एस्क्रोचे, म्हणजे टॅक्स आणि इन्शुरन्ससाठी बाजूला जमा होणारे. ऑटोपे लावून दिलेला त्यामुळे कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. आता सर्विसरचं, म्हणजे लोनचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचं, पत्र आलंय, एस्क्रो अ‍ॅनालिसिस म्हणून, आणि त्यात मार्चपासून हप्ता ४५६८!! मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून आलं.

पत्रात आहे ते असं. आधी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला २०४० धरला होता आणि इन्शुरन्स ३०००. आता टॅक्स ९३००, तो डिसेंबरमध्ये त्यांनी काउंटीला भरलासुद्धा, आणि इन्शुरन्स ३६००. मग खाली डेफिशियन्सी ५७०० आणि शॉर्टेज ४३००, एकूण १०,०००. हे एकरकमी भरा नाहीतर आम्ही १२ महिन्यांत वळते करून घेऊ, आणि शेवटी एक कूपन, फाडून चेकबरोबर पाठवायचं.

नवऱ्याचं म्हणणं कटकट नको, सेव्हिंगमधून दहा हजार टाकू आणि परत ३०८० वर येऊ. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगताही येत नाहीये. शिवाय घर तेच, आम्ही तेच, मग टॅक्स एका वर्षात साडेचारपट कसा झाला? सर्विसरने घोळ घातला असेल तर भुर्दंड आपण का सोसायचा? आणि डेफिशियन्सी आणि शॉर्टेज म्हणजे एकच पैसे दोनदा तर लावत नाहीयेत ना? बिल्डरच्या ऑफिसातली बाई तर म्हणाली होती, एस्क्रो आहे ना, मग टॅक्सचं तुम्हाला काही बघावंच लागत नाही.

रिकामटेकडा

शेवंतीताई, त्या बाईंनी घर विकलं, विषय संपला. एस्क्रो म्हणजे फक्त पैसे तुमच्या खिशातून काउंटीपर्यंत पोचवायची सोय. बिल तुमचं, घर तुमचं, आणि बिल किती येणार यावर सर्विसरचा काडीचाही ताबा नाही.

टॅक्स साडेचारपट का, तर टेक्सासमध्ये १ जानेवारीला त्या जागेवर जे उभं असेल त्यावर त्या वर्षाचा टॅक्स लागतो. १ जानेवारी २०२४ ला तुमच्या प्लॉटवर माती असेल, फार तर स्लॅब ओतलेला असेल. म्हणून २०२४ चं बिल नुसत्या जमिनीचं, २०४०. १ जानेवारी २०२५ ला तिथे तुम्ही राहताय, आख्खं घर उभं आहे, म्हणून २०२५ चं बिल पूर्ण घराचं. ते येतं ऑक्टोबरच्या सुमारास, भरायची मुदत ३१ जानेवारी. म्हणजे घर घेतल्यापासून खरं बिल हातात पडेपर्यंत सव्वा वर्षाच्या वर गेलं आणि तोवर तुमचा हप्ता जमिनीच्या टॅक्सवर चालला होता. नव्या सबडिव्हिजनमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा, गल्लीत निम्म्या लोकांकडे हेच पत्र आलेलं असतं.

सर्विसरचा घोळ म्हणाल तर हो आणि नाही. एस्क्रोचे नियम रेस्पा या घरकर्जाबद्दलच्या १९७४ च्या कायद्याखाली येतात, त्यातला रेग्युलेशन एक्स. पुढच्या वर्षीचं बिल माहीत नसेल तर मागच्या वर्षीचा आकडा धरायची त्यांना मुभा आहे. अजून अप्रेझल, म्हणजे टॅक्ससाठी किंमत ठरवणं, न झालेल्या नव्या बांधकामासाठी आसपासच्या तशाच घरांवरून अंदाज बांधायचीही मुभा आहे. पण मुभा आहे, सक्ती नाही. तुमच्यावाल्यांनी सोपं ते केलं. म्हणजे अंदाजात आळशीपणा झाला असं म्हणा हवं तर, पण एक पैसाही जास्तीचा घेतलेला नाही, ९३०० काउंटीला द्यायचेच होते.

आता तो डेफिशियन्सी-शॉर्टेजचा घोळ. तुमच्या आकड्यांवरून मी कागदावर मांडून बघितलं, इन्शुरन्स जूनमध्ये जातो असं धरून. डिसेंबर २०२४ चा टॅक्स गेल्यावर खात्यात साधारण १३२० शिल्लक असणार. जानेवारी ते जून ४२० प्रमाणे २५२० जमा, इन्शुरन्सचे ३६०० गेले, उरले २४०. जुलै ते डिसेंबर परत २५२० आले, झाले २७६०. त्यातून ९३०० गेले. म्हणजे खातं उणे ६५४०. जानेवारी-फेब्रुवारीचे दोन हप्ते आले की उणे ५७००. ही तुमची डेफिशियन्सी, म्हणजे सर्विसरने स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे. तुमचा हप्ता थकलेला नसेल तर टॅक्स वेळेवर भरणं त्यांच्यावर बंधनकारक असतं, खात्यात पैसे नसले तरी.

शॉर्टेज हे पुढचं आहे. समजा तुम्ही ५७०० भरून मार्चला खातं शून्यावर आणलं. आता वर्षाचा खर्च ९३०० अधिक ३६०० म्हणजे १२,९००, महिन्याला १०७५. मार्च ते जून ४३०० जमले, इन्शुरन्सचे ३६०० गेले, उरले ७००. डिसेंबरपर्यंत अजून ६४५० आले, झाले ७१५०, आणि टॅक्स ९३००. परत उणे २१५०. त्यावर कायद्याने त्यांना वर्षाच्या खर्चाच्या एक षष्ठांश, म्हणजे दोन महिन्यांएवढं कुशन, म्हणजे हाताशी जास्तीची शिल्लक, ठेवता येतं, १२,९०० भागिले ६, पुन्हा २१५०. दोन्ही मिळून बरोब्बर ४३००. तेव्हा दोनदा लावलेलं नाही, एक मागचं भगदाड आहे आणि एक पुढचं.

आणि तुम्हाला जे सांगता येत नाहीये ते हे, की दहा हजार भरूनही हप्ता ३०८० वर येणारच नाही. २६६० अधिक १०७५, ३७३५. तो आता तुमचा खरा हप्ता. आधीचा ३०८० खोटा होता, घर परवडतंय असं वाटावं म्हणून जणू.

अंगणातली_चिमणी

रिकामटेकडा यांनी झकास फोड करून सांगितलंय, नाव बदला आता 😄

मी कॅलिफोर्नियात. आमच्याकडे जमिनीचा हा प्रकार वेगळ्या वाटेने येतो. प्रॉपोझिशन १३ या नियमामुळे अ‍ॅसेस्ड व्हॅल्यू (टॅक्ससाठी धरलेली किंमत) वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही पण घर विकलं गेलं की नव्या किमतीला परत लावतात. जुन्या मालकाची व्हॅल्यू आणि तुमची किंमत यांतल्या फरकाचं जे बिल येतं त्याला सप्लिमेंटल बिल म्हणतात आणि ते थेट मालकाच्या नावाने घरी येतं, सर्विसरला बहुतेक जातच नाही!! कधी एक येतं कधी दोन. एस्क्रो आहे म्हणून लोक ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकतात आणि मग १० टक्के पेनल्टी. नेहमीचं बिल दोन हप्त्यांत, १० डिसेंबर आणि १० एप्रिलच्या आत, ते मात्र सर्विसर भरतो. म्हणून कॅलिफोर्नियात नुकतं घर घेतलेलं कोणी वाचत असेल तर काउंटीकडून आलेलं एकही पाकीट न उघडता फेकू नका.

जर्सीकर

न्यू जर्सीत नव्या बांधकामाचं अ‍ॅडेड असेसमेंट नावाचं वेगळं बिल निघतं, ऑक्टोबरमध्ये येतं आणि १ नोव्हेंबरला देय असतं. आलं की सर्विसरला फोन करून ते तुम्ही भरताय का मी भरू हे विचारायचं, दोघांनी भरलं तर परतावा मागत बसा आणि कोणीच नाही भरलं तर व्याज. बाकी आमचा टॅक्स तिमाही, फेब्रुवारी-मे-ऑगस्ट-नोव्हेंबर, त्यामुळे टेक्साससारखा एकदम दणका बसत नाही. अर्थात टॅक्सच इतका आहे की दणका रोजचाच 😐

शेवंती, एक करा. बँकेच्या बिलपेवरून हप्ता पाठवत असाल तर मार्चच्या आधी रक्कम बदला. सर्विसरच्या साइटवरचा ऑटोपे आपोआप नवा आकडा घेतो, बँकेचा बिलपे बिचारा जुनेच ३०८० पाठवत राहतो. कमी पैसे आले की सर्विसर ते हप्त्यात जमा न करता बाजूला अनअप्लाइडमध्ये ठेवू शकतो आणि तुमचा पूर्ण हप्ता आलाच नाही असं धरतो, मग लेट फी, मग क्रेडिट रिपोर्ट. पत्राचा राग आला म्हणून वाढीव पैसे अडवून धरायचे हा मार्ग तर मुळीच नको.

शेवंती

रिकामटेकडा, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, ३७३५ ऐकून तो गप्प बसलाय. आमचा ऑटोपे सर्विसरच्याच साइटवर आहे, नशीब.

मग आता दहा हजार भरायचे का बारा महिन्यांत जाऊ द्यायचे? दहा भरले तर ३७३५ आणि नाही भरले तर ४५६८, एवढाच फरक ना? आणि मधलं काही असतं का, थोडे भरायचे थोडे वाटायचे?

कोकणी_फणस

माझं स्पष्ट मत, भरू नका. सर्विसर हे पैसे वाटून घेताना व्याज लावत नाही. ७ टक्क्यांच्या लोनवाल्या माणसाला कोणी दहा हजार बिनव्याजी वर्षभर वापरायला देत असेल तर नाही कशाला म्हणायचं? तुमचे पैसे हाय यील्ड सेव्हिंगमध्ये राहू देत, तिथून दर महिन्याला ८३३ काढा. लोकांना कर्ज म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं आणि धावत जाऊन चेक लिहितात.

नियम पण तुमच्या बाजूने आहे. शॉर्टेज एका महिन्याच्या एस्क्रोपेक्षा जास्त असेल तर ते एकरकमी मागूच शकत नाहीत, कमीत कमी १२ महिने द्यावेच लागतात. कूपन असं छापतात की जणू भरलंच पाहिजे, पण ते ऐच्छिक आहे. डेफिशियन्सीला मात्र १२ महिन्यांची हमी नाही, तिथे दोन किंवा जास्त समान हप्ते एवढंच आहे. तुम्हाला तीही १२ त देतायत म्हणजे बरेच आहेत म्हणायचे.

रिकामटेकडा

फणसराव, गणित बरोबर पण सगळ्यांना लागू नाही. महिन्याच्या पगारातून ४५६८ ओढताना दमछाक होणार असेल आणि सेव्हिंगमध्ये पैसे नुसते पडून असतील तर भरून टाकलेले बरे, क्रेडिट कार्डावर ओझं जायला नको. आणि मधलं असतं की. ५७०० आत्ता भरले आणि ४३०० वाटून घेतले तर महिन्याला ३५८, हप्ता ४०९३. बहुतेक सर्विसर फोनवर हे करून देतात, फक्त पैसे पाठवताना हे एस्क्रोसाठी असं स्पष्ट सांगा, नाहीतर मुद्दलात जमा करून मोकळे होतील.

पण त्याआधी एक विचारायचं राहिलं. ९३०० च्या बिलात होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे स्वतःच्या राहत्या घराला मिळणारी टॅक्सची सूट, आहे का?

शेवंती

ते कुठे दिसतं? आम्हाला मधे एक पत्र आलं होतं की अमुक डॉलर द्या, तुमचं होमस्टेड फाइल करून देतो, त्यावर सरकारी वाटेल असा शिक्का होता. फसवणूक वाटली म्हणून काही केलं नाही.

ह्यूस्टनवाला

अहो ते पत्र फेकलंत ते बरंच केलंत, त्या खासगी कंपन्या असतात, फुकटच्या कामाचे पैसे घेतात. पण होमस्टेड स्वतः फाइल करायचंच असतं, आपोआप होत नाही!

तुमच्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या, साइटवर जा, टॅक्स ऑफिसच्या नाही, ही दोन वेगळी ऑफिसं आहेत आणि एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पत्ता टाका, तुमची प्रॉपर्टी उघडेल, तिथे एक्झेम्प्शन्स नावाचा रकाना असतो. त्यात होमस्टेड लिहिलेलं नसेल, रिकामा असेल, तर तुम्ही पूर्ण व्हॅल्यूवर टॅक्स भरताय. तिथेच अप्रेझ्ड व्हॅल्यू किती तेही बघा आणि इथे सांगा.

शेवंती

बघितलं. व्हॅल्यू ४,६५,००० आणि एक्झेम्प्शन्स समोर काहीच नाही. रिकामं.

ह्यूस्टनवाला

४,६५,००० वर ९३०० म्हणजे शंभराला दोन डॉलर, सगळा पूर्ण रेट. म्हणजे घबाड आहे इथे.

२०२५ च्या टॅक्सपासून शाळेच्या टॅक्ससाठी होमस्टेडची सूट १,४०,००० झालीय, आधी २०२३ पासून १,००,००० होती, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात वाढ मंजूर झाली. तुमच्या दोन डॉलरमधला मोठा भाग शाळेचाच असतो. समजा शाळेचा रेट १ डॉलर १० सेंट असेल तर १,४०,००० वर १५४० डॉलर वाचतात, दरवर्षी. शहर, काउंटी, कॉलेज डिस्ट्रिक्ट यांची सूट वेगळी असली तर अजून. तुमच्या बिलावर प्रत्येक टॅक्सिंग युनिटची ओळ असते, इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्टची ओळ बघून खरा रेट काढा.

आणि उशीर झाला म्हणून २०२५ हातचं गेलं असं समजू नका. टेक्सासमध्ये होमस्टेडचा अर्ज मुदतीनंतरही, टॅक्स थकीत धरायच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत करता येतो. २०२५ चा टॅक्स थकीत होतो १ फेब्रुवारी २०२६ ला, म्हणजे अजून भरपूर वेळ आहे. मंजूर झालं की २०२५ चं बिल दुरुस्त होतं आणि जास्त भरलेले परत. फॉर्मचा नंबर ५०-११४. भरायला काही पैसे लागत नाहीत. मुख्य अडतं ते ड्रायव्हिंग लायसन्सवर, त्यावरचा पत्ता याच घराचा लागतो, जुन्या अपार्टमेंटचा असेल तर आधी तो बदलून घ्या. अर्जावर २०२५ आणि २०२६ दोन्ही वर्षं हवीत हे नीट लिहा.

होमस्टेडचा दुसरा फायदा लोक विसरतात. एकदा ते लागलं की त्याच्या पुढच्या वर्षापासून टॅक्सेबल व्हॅल्यू वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, मार्केट कितीही उड्या मारो. म्हणून २०२५ पासून लागणं आणि २०२६ पासून लागणं यात फरक आहे, २०२५ पासून लागलं तर ही १० टक्क्यांची कॅप २०२६ लाच सुरू.

अप्रेझलवर प्रोटेस्ट वेगळा, त्याची मुदत साधारण १५ मे किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवस, जे नंतरचं असेल ते. पाच लाखाला घेतलेलं घर चार पासष्टला लावलंय त्यामुळे किमतीवर भांडून फार हाती लागणार नाही, पण शेजारच्या त्याच फ्लोअर प्लॅनची घरं कितीला लावलीत ते त्याच साइटवर फुकट दिसतं. त्यांची कमी असतील तर तो मुद्दा चालतो.

कोकणी_फणस

आता माझं म्हणणं अजून पक्कं झालं. होमस्टेड लागणार असेल तर ते दहा हजार दहा हजारच राहणार नाहीत, कशाला आत्ता चेक फाडताय.

रिकामटेकडा

अगदी. मंजुरीचं पत्र आलं की सर्विसरला पाठवून नव्याने अ‍ॅनालिसिस करा म्हणून लेखी विनंती करा. मधेच करायची त्यांच्यावर सक्ती नाही पण बरेच जण करतात. टॅक्स ७७६० धरला तर वर्षाचा खर्च ११,३६०, महिन्याला साडेनऊशेच्या आत, कुशनही आपोआप कमी. नाहीच केलं तर पुढच्या वार्षिक अ‍ॅनालिसिसमध्ये खात्यात जास्तीचे निघतील, आणि हप्ते वेळेवर असतील तर ५० डॉलर किंवा वरचं सरप्लस त्यांना ३० दिवसांत परत करावंच लागतं. ५० च्या खाली असेल तर पुढे वळतं करू शकतात.

२०२५ च्या रिफंडचं मात्र टॅक्स ऑफिसला आधीच विचारून ठेवा की चेक कोणाच्या नावे निघणार. सर्विसरकडे गेला तर एस्क्रोत जमा दिसला पाहिजे. नाही दिसला तर गप्प बसू नका.

हिशेबी

एक बाजू राहिलीय, इन्कम टॅक्स. एस्क्रोत तुम्ही किती टाकले याला आयआरएस (इन्कम टॅक्स खातं) विचारत नाही, सर्विसरने त्या कॅलेंडर वर्षात काउंटीला किती पोचवले ते डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून वजा होणारी रक्कम. डिसेंबर २०२५ मध्ये ९३०० गेले असतील तर ते २०२५ चे. तेच जानेवारीत गेले असते तर २०२६ चे, टेक्सासमध्ये ३१ जानेवारीची मुदत असल्याने ही गंमत दरवर्षी होऊ शकते. सर्विसर लोनच्या व्याजाचा जो फॉर्म १०९८ पाठवतो त्याच्या १० नंबरच्या रकान्यात आकडा असतो पण तो देणं सर्विसरवर बंधनकारक नाही, त्यामुळे काउंटीच्या साइटवरून पावती आणि तारीख बघून घ्या.

तुम्हाला उपयोग होईल असं दिसतंय. चार लाखावर ७ टक्के म्हणजे व्याज सत्तावीस हजाराच्या वर, त्यात ९३०० मिळवले की जोडप्याचं २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० त्याच्या वर सहज जाताय. स्टेट आणि लोकल टॅक्सची मर्यादा २०१८ पासून १०,००० होती ती २०२५ साठी ४०,००० केलीय, उत्पन्न पाच लाखाच्या वर गेलं की ती कमी होत जाते. टेक्सासमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून तुम्हाला फरक कमी पडेल, जर्सीकर आणि चिमणीताईंना जास्त. आणि होमस्टेडचा २०२५ चा परतावा २०२६ मध्ये आला तर ज्या टॅक्सचं डिडक्शन घेतलं होतं तोच परत आला म्हणून २०२६ च्या रिटर्नमध्ये तो दाखवावा लागू शकतो, तुमच्या सीपीएला (टॅक्स भरून देणाऱ्या अकाउंटंटला) आठवण करा.

जर्सीकर

माझ्या सीपीएला पण आठवण करतो 😅

वांगी_भात

हे सगळं वाचून प्रश्न पडतो की एस्क्रो हवाच कशाला? आपणच नाही का भरू शकत? माझ्या पैशावर वर्षभर दुसऱ्याने बसायचं, व्याज शून्य, वर चुका त्याच्या आणि धावाधाव माझी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

जर्सीकर

मी घरात २० टक्क्यांच्या वर इक्विटी, म्हणजे स्वतःचा वाटा, झाल्यावर एस्क्रो काढून घेतला, तेव्हापासून टॅक्सचं वेगळं सेव्हिंग खातं आहे, पगार आला की त्यात ठरलेली रक्कम आधी जाते. कन्व्हेन्शनल म्हणजे बिनसरकारी लोन घराच्या किमतीच्या साधारण ८० टक्के किंवा खाली असेल तर वेव्हर (एस्क्रोतून सूट) मागता येतो, काही लेंडर त्यासाठी फी घेतात किंवा रेट किंचित चढवतात. एफएचए (सरकारी विम्याच्या) लोनला मागूच नका, तिथे एस्क्रो सक्तीचाच. आणि शेवंतीसारखं खातं उणे असताना कोणी देणार नाही, आधी ते निस्तरावं लागेल.

पण हे प्रत्येकाने करावं असं मी म्हणणार नाही. टेक्सासमध्ये ३१ जानेवारी चुकली की फेब्रुवारीतच ६ टक्के पेनल्टी आणि १ टक्का व्याज, म्हणजे ९३०० वर ६५१ एका महिन्यात. त्या दोन महिन्यांत भारतात गेला असाल, लग्नकार्य असेल, नोकरी बदलली असेल, तरी तारीख तीच. ज्याच्या खात्यात नऊ हजार दिसले की नवी गाडी डोळ्यासमोर येते त्याने एस्क्रोच ठेवावा. आमच्या घरात मी आहे तोवर चालेल, ही एकटी असती तर... नाही लिहित, ती वाचते इथे.

अंगणातली_चिमणी

व्याज शून्य सगळीकडे नाही हां. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत एस्क्रोवर निदान २ टक्के व्याज द्यायचा कायदा आहे. मोठ्या राष्ट्रीय बँकांना न्यूयॉर्कचा कायदा लागू होतो की नाही यावर केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०२४ मध्ये कोर्टाने खालच्या कोर्टाला परत नीट तपासायला सांगितलं. टेक्सासमध्ये असा कायदाच नाही त्यामुळे शेवंतीने त्यात डोकं घालू नये.

वांगी_भात

बरं, आणि सर्विसर बदलला तर? आमचं लोन एका वर्षात इकडून तिकडे विकलं गेलं, आता टॅक्सच्या ऐन तोंडावर नव्याकडे गेलंय आणि काउंटीच्या साइटवर अजून अनपेड दिसतंय. नव्याला फोन केला तर म्हणतो जुन्याने भरला असेल, जुना म्हणतो फाइल पुढे पाठवली.

रिकामटेकडा

फोन बंद करा आणि कागद सुरू करा. नव्या सर्विसरला नोटीस ऑफ एरर, म्हणजे चूक कळवणारं लेखी पत्र, पाठवा, हप्त्याचा चेक जातो त्या पत्त्यावर नाही, स्टेटमेंटवर चौकशी आणि तक्रारीसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो त्यावर, सर्टिफाइड मेलने. लोन नंबर, घराचा पत्ता, काउंटीच्या साइटचा अनपेड दाखवणारा प्रिंट, आणि एक ओळ की एस्क्रोतून टॅक्स वेळेत भरलेला नाही. कामकाजाच्या ५ दिवसांत पोच आणि साधारण कामकाजाच्याच ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमचे हप्ते वेळेवर गेले असतील तर उशिराची पेनल्टी त्यांनी सोसायची, तुमच्याकडून वसूल करता येत नाही. हप्ता चुकून जुन्याकडे गेला असेल तरी ट्रान्सफरनंतर ६० दिवस तो लेट धरता येत नाही.

आणि त्याआधी पार्सल नंबर, म्हणजे प्लॉटचा काउंटीतला नंबर, जुळवून बघा. सर्विसरच्या पत्रावर एक प्रॉपर्टी आयडी असतो आणि काउंटीच्या बिलावर एक, दोन्ही समोर ठेवून आकडा आकडा वाचा. नव्या वसाहतीत प्लॉट फोडलेले असतात तेव्हा जुन्या मोठ्या पार्सलचा नाहीतर शेजाऱ्याचा नंबर लागलेला असू शकतो, मग टॅक्स भरला जातो पण दुसऱ्याचा.

शेवंती

वांगी_भात यांच्यामुळे मी पण जुळवून बघितला, आमचा नंबर बरोबर आहे.

तर आमचं असं ठरतंय की कूपन फाडायचं नाही, मार्चपासून ४५६८ जाऊ द्यायचे. नवऱ्याचं लायसन्स जुन्याच पत्त्याचं निघालं, माझं नवीन आहे. अर्जाला दोघांचं लागतं का एकाचं चालेल?

ह्यूस्टनवाला

डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) दोघांची नावं असतील तर तुम्ही तुमच्या नावाने अर्ज टाका आणि दुसरा मालक म्हणून त्यांचं नाव फॉर्मवर लिहा. नवरा-बायको असाल तर तसं खूण करायची जागा आहे. तरी अप्रेझल डिस्ट्रिक्टला एक फोन टाका, काही ठिकाणी दोघांच्या लायसन्सची कॉपी मागतात. तोवर त्यांचा पत्ता ऑनलाइन बदलायला टाकून द्या. आणि अपलोड केल्यावर कन्फर्मेशन नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.